सॉ मिलची गल्ली, नाशिक : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

आज कामाची हद्द आखली. मुंबई-आग्रा रस्त्यावरून आत वळलं की लागणारी वखारींची गल्ली, तिच्यातल्या चालू-बंद सॉ मिल आणि मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्यांची रांग. एवढंच. गावठाणातले वाडे, सरकारवाडा, चांदवडचा रंगमहाल यांत हात घालायचा नाही, असं सरांनी बजावलं. "वाड्यांवर सगळेच लिहितात. वाड्याची तुळई कुणी कापली ते कुणी लिहीत नाही."

गट छोटा आहे. सर यंत्रशाळेत शिकवून निवृत्त झालेले, आर्किटेक्चरला असलेला एक मुलगा मापं घेणार, आणि नोंदी माझ्याकडे. ज्या मिलपासून सुरुवात करायची तिचे शेठ कच्छी पटेल, तिसरी पिढी. त्यांची अट एकच : "ताई, फोटो पाहिजे तेवढे काढा. लायसनच्या फाइलला हात लावायचा नाही." कबूल.

गल्लीत जो तो एकच विचारतो, ह्यात वारसा कसला? उत्तर तोंडपाठ करून ठेवलंय. औद्योगिक वारशाबद्दलची निझ्नी तागिल सनद २००३ ची, आणि तिच्यात यंत्रं आणि शेडबरोबर कामगारांची घरं, शाळा, प्रार्थनेच्या जागाही धरल्या आहेत. फिनलंडमधली व्हेर्ला ही लाकडाच्या लगद्यापासून पुठ्ठा करणारी गिरणी १९६४ मध्ये बंद पडली आणि १९९६ मध्ये वस्तीसकट जागतिक वारसा यादीत गेली. हे ऐकून कुणाला पटल्याचं दिसलं नाही. चहा मात्र मिळाला.

९ फेब्रुवारी

शेड मोजली. खांब सागाचे, कैच्या सागाच्या, वर पत्रा. जमिनीत बँड सॉचं खालचं चाक बसेल एवढा खड्डा, वरचं चाक माणसाच्या डोक्याच्या वर. दोन्ही चाकांवरून पातं फिरतं आणि मधल्या रुळांवरून ओंडक्याची ट्रॉली पात्यावर ढकलली जाते. आता मोटर आहे, पण कोपऱ्यात जुनं ऑईल इंजिन गंजून पडलंय आणि शेडच्या आढ्याजवळ शाफ्टच्या बेअरिंगचे ब्रॅकेट अजून तसेच. म्हणजे पूर्वी एकाच इंजिनावर लांबलचक शाफ्ट आणि त्यावरून पट्ट्यांनी तीन-चार यंत्रं फिरत असणार. सरांनी इंजिनावरचा चिखल खरवडला तर किर्लोस्करची पाटी निघाली. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स खडकीला सुरू झाली १९४६ मध्ये, तेव्हा हे इंजिन त्याआधीचं नसावं. शेठ म्हणत होते आजोबांनी "इंग्रजांच्या टायमाला" आणलं. शेड तेव्हाची असेल, इंजिन बहुधा नंतरचं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यात लिहिल्या.

२३ फेब्रुवारी

लाकूड यायचं कुठून, हे आज सर आणि मी नकाशा पसरून बसलो. नाशिकच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूल, आणि त्यांना लागून गुजरातचं डांग. पेठ हे संस्थान होतं, १८७८ मध्ये खालसा झालं. डांगची गोष्ट त्याहून जुनी. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता, म्हणून ब्रिटिशांनी १८४२ मध्ये भिल्ल राजांकडून तिथली जंगलं भाडेपट्ट्यानं घेतली. त्या करारांची सावली अजून आहे : होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि राजांच्या वंशजांना मानधन दिलं जातं. मुंबई इलाख्याचं वनखातं १८४७ चं. त्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर गिब्सन, आधी पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचे अधीक्षक. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटावरचा माल मुंबईला जायची वाटच बदलली. १८७८ चा वन कायदा आला, आणि मग प्रत्येक ओंडक्यावर सरकारी हातोड्याचा शिक्का.

तोडणाऱ्यांचं काय? सनदी अधिकारी सिमिंग्टन यांचा १९३८ चा अहवाल ठेकेदार आदिवासी मजुरांना कसं नाडतात ते सांगतो. त्यानंतर १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या आणि कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, ठेकेदाराऐवजी त्यांना मिळू लागले. मिलच्या नोंदवहीत हा काळ दिसायला हवा. पण नोंदवही लायसनच्या फाइलजवळ ठेवलेली असते.

८ मार्च

वघईला जाऊन आलो. सापुताऱ्यावरून घाट उतरताना दोन्ही बाजूंना पानगळ झालेला साग, खाली पानांचा करकरीत थर. वघई म्हणजे बिलिमोऱ्याहून येणाऱ्या नॅरो गेजचं शेवटचं स्टेशन, अडीच फुटी रूळ, त्रेसष्ट किलोमीटर. बडोद्याच्या गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही लाइन सुरू केली ती डांगच्या सागासाठी. आपण ज्याला "लाकडाचं गाव" म्हणू ते हे : स्टेशन, लाकडाचे डेपो, वनखात्याची सॉ मिल, आणि त्यांच्याभोवती वाढलेला बाजार. जंगलाच्या तोंडाशी कापायचं आणि हलकं करून पाठवायचं, असा त्याचा हिशोब.

नाशिकची गल्ली उलट्या हिशोबाची. इथे ओंडका गोल यायचा आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगायचं, चौकट इतकी, फळी इतकी. जंगलापासून लांब आणि सुतारापासून जवळ. म्हणूनच ही गल्ली टिकली, असं मला वाटतं. सर अजून मान्य करत नाहीत. त्यांचं म्हणणं, ती टिकली कारण इथल्या जागेला भाव नव्हता.

येताना गाडीत अंदमानचा विषय निघाला. नाशिककराला, त्यातही भगूरकडच्या माणसाला, अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल. त्याच पोर्ट ब्लेअरला चॅथम बेटावर १८८३ पासूनची सॉ मिल आहे, जेलचं बांधकाम सुरू झालं त्याच्या तेरा वर्षं आधीची. १९४२ मध्ये जपानी बॉम्ब पडला तो खड्डाही आवारात जपलाय. जेल बघायला गेलेल्यांपैकी किती जण तिथे वळतात कोण जाणे.

१६ मार्च

मिस्त्रींचा दिवस. पूर्ण दिवस पात्यांच्या खोलीत.

पातं म्हणजे पोलादाची लांब पट्टी. दोन टोकं तिरकी घासून एकमेकांवर ठेवायची आणि गॅसवर डाग देऊन जोडायची. जोड जाड राहिला तर चाकावर प्रत्येक फेरीला ठक्‌ असा आवाज येतो. मिस्त्री तो आवाज ऐकून सांगतात की जोड कुठे आहे आणि किती दिवस टिकेल. मग दात. दात एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित मुरडायचा, म्हणजे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पातं लाकडात घासत नाही. जास्त मुरडलं तर लाकडाचा भुसा होऊन जातो. बँड सॉचा काप दोन-तीन मिलिमीटरचा, गोल करवतीचा त्याच्या दुप्पट. "शेठला फळी पाहिजे, मला भुसा कमी पाहिजे, पात्याला विश्रांती पाहिजे," मिस्त्री म्हणाले. पातं काही तास चाललं की काढून टांगून ठेवायचं, ताण निघू द्यायचा. नाहीतर गळ्यापाशी, म्हणजे दाताच्या बुडाशी, चीर पडते.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मुलाखत रेकॉर्ड केली, पण मागे यंत्र चालू असल्यानं निम्मी ऐकूच येत नाही. यंत्र बंद असताना परत बसायचं ठरलं.

८ एप्रिल

कामदा एकादशी, रामरथ आणि गरुडरथ. गल्लीतली निम्मी माणसं पंचवटीकडे रथ बघायला. काम नाही. बंद मिलचे कुलूप उघडे मिळाले म्हणून तिथल्या कुजलेल्या ओंडक्यांची छायाचित्रं घेतली. दोन ओंडक्यांवर सरकारी शिक्का अजून वाचता येतो.

१९ एप्रिल

खोल्यांची रांग. भिंती ओंडक्याच्या सालीकडच्या फळ्यांच्या, ज्या कुणी विकत घेत नाही. काहींनी आतून कागद चिकटवलेत, काहींनी पत्रा ठोकलाय. राहणारे आधी कोकणातले आणि घाटावरचे, मग विदर्भातले, आता बिहार आणि उत्तर प्रदेशातले. एका आजींचं माहेरही ह्याच रांगेत आणि सासरही.

आजींनी भुशाची शेगडी लावून दाखवली. तेलाचा जुना पत्र्याचा डबा, खाली बाजूला भोक. मध्ये बाटली उभी धरायची, भोकातून दुसरी आडवी सारायची, भोवती कोरडा भुसा ठासून ठासून भरायचा आणि बाटल्या हळूच काढून घ्यायच्या. आत वाट तयार होते, तिच्यातून जाळ वर येतो. एकदा पेटली की सगळा स्वयंपाक होऊन आंघोळीचं पाणीही तापतं, मध्ये भर घालावी लागत नाही. ओला भुसा असेल तर धूरच धूर. सागाचा भुसा चांगला, आंब्याचा लगेच संपतो, खैराचा "डोळ्यात जातो". बर्फवाले भुसा न्यायचे लाद्या झाकायला, कोंबड्यावाले अजून नेतात. गॅस आला तरी आजींच्या दारात एक डबा भरलेला असतो, सिलिंडर संपलं तर असू द्या म्हणून.

मुलानं डब्याचं छेदचित्र काढलं. गेल्या दोन महिन्यांतलं आमचं सगळ्यात चांगलं ड्रॉइंग ते आहे.

४ मे

शेठबरोबर घनफुटाचा हिशोब. गोल लाकडाची गोलाई सुतळीनं घ्यायची, चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करून लांबीनं गुणायचं आणि १४४ नं भागायचं. साठ इंच गोलाई, दहा फूट लांबी : पंधरा गुणिले पंधरा गुणिले दहा, भागिले १४४, म्हणजे १५.६ घनफूट. भूमितीनं काढलं तर जवळपास वीस येतात. सव्वाचार घनफुटांचा फरक कुठे गेला? मुलगा गोंधळला. शेठ हसले : "तो सालीचा, कापण्याचा आणि गिऱ्हाईकाचा." पद्धतच अशी बेतलेली आहे की गोल लाकडाच्या ७८.५ टक्के माप धरायचं, कारण चौकोनी कापताना बाकीचं निघूनच जातं. वाकड्या लाकडात मात्र खरी घट त्याहून जास्त असते आणि तेव्हा घासाघीस सुरू होते.

वाड्याची तुळई आधीच चौरस, तिला हे लागू नाही. रुंदी, जाडी, लांबी, झालं. आठ बाय दहा इंच, बारा फूट म्हणजे ६.६७ घनफूट. हे उदाहरण शेठनी वाड्याचंच का दिलं, ते त्याच दुपारी समजलं. आवारात उतरलेल्या ट्रकमध्ये नवा ओंडका एकही नव्हता. सगळं जुनं लाकूड : तुळया, खांब, तक्तपोशीच्या म्हणजे लाकडी छताच्या फळ्या, एक अख्खी चौकट गणेशपट्टीसकट.

११ मे

तर गोष्ट अशी आहे. ही मिल आज जगते ती मोठ्या प्रमाणात पाडलेल्या वाड्यांवर. शंभर-दीडशे वर्षं वाळलेला साग पुन्हा वाकत नाही, वाळवी सहसा लागत नाही, आणि फर्निचरवाले त्याला नव्यापेक्षा जास्त भाव देतात. वाडेवाल्याला बांधकाम व्यावसायिक हवा असतो, बांधकाम व्यावसायिकाला रिकामी जागा, पाडणाऱ्याला लाकूड, आणि लाकडाला सॉ मिल. सरांनी पहिल्याच दिवशी वाड्यांना हात घालायचा नाही म्हणून सांगितलं होतं, पण वाडेच चालत गल्लीत आलेत.

मुलगा चिडला. म्हणाला, आपण ज्याचा वारसा नोंदवतोय तीच जागा वारसा कापतेय. खरंय. पण मिलनं घेतलं नाही तर ती तुळई बंबात जाईल, हेही खरंय.

१८ मे

अवेळी पाऊस, आवार चिखल. तरीही आजचा दिवस मावशींमुळे वसूल.

मावशी खिळे काढतात. पात्याला खिळा लागला तर दात उडतात, कधी पातंच तुटतं, म्हणून जुनं लाकूड आधी त्यांच्याकडे येतं. हातात चिमटा, पहार आणि चुंबक बांधलेली काठी. काढलेले खिळे किलोवर विकले जातात. त्यांनी दोन ढीग करून दाखवले. एकात लोहारानं घडवलेले, चौकोनी, टोकाकडे निमुळते होत गेलेले. दुसऱ्यात तारेचे गोल, यंत्रावरचे. "गोल खिळा दिसला की समजायचं, दुरुस्ती झालीय," मावशी म्हणाल्या. मूळ सांगाड्याच्या लाकडात खिळे जवळजवळ नसतातच. कुसू आणि खाच, वर लाकडी मेख. खिळे असतात ते दारात आणि फळ्यांत.

मग सरांनी फळ्या तिरप्या उजेडात धरल्या. एका फळीवर करवतीचे ओरखडे सरळ, पण कमीजास्त अंतरावर आणि मध्येच कल बदललेला : दोघा करवत्यांनी, एक वर एक खाली उभं राहून, हातानं कापलेली. दुसरीवर कमानीसारखे ओरखडे, म्हणजे गोल करवत. तिसरीवर सरळ आणि अगदी सारखे : बँड सॉ. एकाच खोलीच्या तक्तपोशीत तिन्ही होत्या. तुळईवर कापच नाही, नुसते वाकसाचे तासलेले चट्टे. वाड्याचा कागद कुठे असेल-नसेल, लाकूड मात्र कुणी, कशानं, कितव्यांदा हात लावला ते दाखवत होतं. आणि संध्याकाळी ते रंध्याखाली जाणार होतं.

ओरखडे आणि खिळे एकत्र वाचायचे, ही कल्पना मावशींची. सर म्हणाले असं त्यांनी तीस वर्षं शिकवलं नाही.

१ जून

लायसनबद्दल अखेर शेठ स्वतःच बोलले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जंगलतोड रोखणारा गोदावर्मन प्रकरणातला आदेश आला, त्यानंतर २००२ मध्ये नव्या सॉ मिलना केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय बंदी. तेव्हापासून जुन्या परवान्याला मोल आलं. गल्लीतल्या ज्या मिलचं चाक वर्षानुवर्षं फिरलेलं नाही, तिचीही शेड उभी आहे, यंत्र जागेवर आहे, कारण यंत्र हललं की परवान्याचा प्रश्न येतो. कुठल्याही वारसा यादीनं जे केलं नसतं ते ह्या एका कागदानं केलंय. शेठना ह्यात काही विशेष वाटत नाही. त्यांच्या मते तो फक्त अडकून पडलेला पैसा आहे.

२२ जून

ठराव झाला, तोही भांडून. प्रकल्पाचा आराखडा बदलतो. शेड, पात्यांची खोली, चाळ यांची ड्रॉइंग आहेत तशी पुरी करायची. पण मुख्य काम आता आवक वही. जुनं लाकूड आवारात उतरलं की कापण्याआधी त्याची नोंद : जात, माप, सांध्याचा प्रकार, ओरखडे, खिळे, रंगाचे थर, फोटो. आणि शक्य असेल तर कुठून आलं ते.

शेवटच्या रकान्यावर अडलं. पाडणारे पत्ता सांगायला तयार नाहीत. शेठ म्हणाले, "तुम्ही वाड्याचं नाव लिहिलं आणि उद्या कुणी तक्रार केली, तर माझ्याकडे लाकूड येणार नाही." त्यांचं चूक नाही. शेवटी घराण्याचं नाव आणि घर नंबर न लिहिता फक्त पेठ किंवा गल्ली लिहायची असं ठरलं : भद्रकाली, रविवार कारंजा, जुनी तांबट लेन, एवढंच. सर नाराज. मलाही अपुरं वाटतं, पण रिकाम्या रकान्यापेक्षा बरं.

मिस्त्रींनी स्वतःहून एक रकाना वाढवला : कापताना कसं लागलं. कडक, तेलकट, चिवट, "वाजतं".

२० जुलै

पावसात जुने वाडे ढासळतात, दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, आणि गल्लीत आवक वाढते. सिंहस्थाच्या रस्त्यांची कामंही आहेत. वही भरभर भरतेय. मावशींना मोबाइलवर तिरप्या उजेडातला फोटो काढायला शिकवलं, आता त्या आमच्यापेक्षा चांगले काढतात. त्यांना मानधन द्यायचं ठरलं, खिळ्यांच्या पैशाव्यतिरिक्त.

एक नोंद इथेही ठेवते : ऐनाच्या दोन तुळया आल्या, बाकी सगळा साग. ऐन जड आणि स्वस्त, तो सहसा मागच्या पडवीत किंवा गोठ्यात वापरत. म्हणजे कुणीतरी गोठाही पाडला.

१७ ऑगस्ट

शेजारच्या मिलमध्ये पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी. आयात पाइन, सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी. परदेशी जाणाऱ्या पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो, कीड जाऊ नये म्हणून. जंगलखात्याचा हातोडा गेला आणि हा शिक्का आला. तिथला मुलगा मला म्हणाला, "ताई, ह्याचाही फोटो घ्या, हेच तर आमचं काम आहे." घेतला. आराखड्यात पॅलेटची शेडही धरायची, सरांशी बोलून झालंय.

१४ सप्टेंबर

स्थिती. शेडचं आणि पात्यांच्या खोलीचं ड्रॉइंग पूर्ण. चाळीच्या चार खोल्या बाकी, त्यांतल्या दोघींना दसऱ्याआधी मापं नकोत, घर आवरायचंय. मिस्त्रींची दुसरी मुलाखत यंत्र बंद असताना झाली, पात्याच्या ताणाबद्दल अजून एकदा विचारायचंय. आवक वहीची एक प्रत शेठकडे, एक आमच्याकडे.

नवा पेच : मेमध्ये आलेली ती गणेशपट्टीची चौकट शेठनी अजून कापलेली नाही. एका हॉटेलवाल्यानं भाव लावलाय. आम्ही तेवढे पैसे उभे करू शकत नाही आणि ठेवायला जागाही नाही. शेठ खंडेनवमीपर्यंत थांबतो म्हणालेत. तोवर तिची पूर्ण मापं, सगळ्या सांध्यांची ड्रॉइंग आणि रंगाच्या थरांचे नमुने घ्यायचे. मुलाला शनिवारी मोकळीक आहे, मावशींना विचारायचं राहिलंय.